सुरमई टेबलावरच्या तिघी

मालन सनगरेला नवऱ्याच्या जागी नोकरी लागली, तेव्हा कचेरीतल्या प्रत्येकाने तिला एकच वाक्य आपापल्या सुरात ऐकवलं. शिपाई केरू आवाज खाली आणून म्हणाला, नशीब म्हणायचं वयनी. आवक-जावकच्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं की नशीब हो, आजकाल कोण कुणाला घेतंय. आणि हेडक्लार्क रेवाळे भाऊसाहेब, ज्यांचं कुठलंही बोलणं नाकातून निघून ‘म्हणजे काय की’च्या फाटकातूनच बाहेर यायचं, त्यांनी तोंडातलं पान एका गालात सारून तेच सांगितलं. म्हणजे काय की मालनबाई, तसं बघायला गेलं तर नशीबच. मालनने तिघांनाही ‘हो’ म्हटलं. तिन्ही हो एकाच उंचीचे.

काशीराम सनगरे त्याच कचेरीत कारकून होता. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून पडला आणि सुट्टी संपली तरी उठला नाही. झोपलाय असं समजून कुणी हाकही मारली नाही. पुढे अनुकंपा म्हणून बायकोला घेतलं, आणि दुसरी जागा नव्हती म्हणून तेच टेबल दिलं. लोकांना वाटलं होतं, बाई त्या टेबलाशी बसली की मोडून पडेल. तसलं काही झालं नाही. मालन पालीच्या पुढच्या वाडीतून सकाळच्या एसटीने यायची, फडक्याने टेबल पुसायची आणि बसायची. टेबल म्हणजे टेबल.

वाडीतल्या बायकांना याचाच घोर. काशीराम गेला त्या दिवसापासून मालन रडली नव्हती. बायका येऊन तिच्यासमोर बसत, पदर डोळ्यांना लावत आणि एक डोळा पदराबाहेर ठेवून तिच्याकडे बघत. एकीने तिच्या सासूला, जनीला, कानात सांगितलं की हिला एकदा रडव गो, नायतर आतल्या आत गाठ होईल. जनी म्हणाली, मी कशी रडवू, माझंच संपलंय. मालन समोर बसून तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं. ऐकू येत होतंच, फक्त ते तिच्यापर्यंत पोचेपर्यंत थंड होऊन जायचं, लांबच्या घरून आणलेल्या चहासारखं.

नोकरीला अट होती. ठरलेल्या मुदतीत टायपिंग आणि कम्प्युटर, दोन्ही परीक्षा पास व्हायच्या, नाहीतर नोकरी जाणार. टायपिंग मालनने पहिल्याच वर्षी काढलं, मराठीही आणि इंग्रजीही. त्याला मन लागत नाही, बोटं लागतात, आणि बोटं तिची चांगली होती. कम्प्युटर राहिला होता. दोन हजार तीन सालचा जून उजाडला तेव्हा भाऊसाहेबांनी तिला बोलावून फाटक उघडलं. म्हणजे काय की, दोनदा परीक्षा होईल, एकदा सप्टेंबरात, एकदा डिसेंबरात. डिसेंबर गेला की मुदत गेली, आणि मुदत गेली की म्हणजे काय की. पुढचं त्यांनी हाताने दाखवलं. घरात सासू आणि दहावीतली मुलगी, दोघी मालनच्या पगारावर. मालन म्हणाली, हो.

कम्प्युटरचा क्लास मारुती मंदिराच्या अलीकडे, औषधांच्या दुकानाच्या माडीवर होता. चपला जिन्यात काढायच्या. आत एसी, माणसांसाठी नव्हे, कम्प्युटरसाठी. त्यामुळे भर उकाड्यात बायका खांद्यावरून पदर घट्ट ओढून बसायच्या आणि कम्प्युटर मात्र सुखात. शिकवायला ओमकार सर, मिरजेकडचे, नुकतंच मिसरूड फुटल्यासारखे दिसणारे. त्यांच्या बोलण्यात दर वाक्याला एक खुंटी मारलेली असायची. "घाबरायचं नाही काकू, ठीकाय? मशीन काय आपल्याला चावत नाही, ठीकाय? चुकलं तर चुकलं, ठीकाय." पोरं त्यांच्या मागे जिन्यात ठीकाय ठीकाय करत उतरायची, आणि सर वळून म्हणायचे, अरे चेष्टा करू नका, ठीकाय?

कम्प्युटर सहा आणि शिकणारी माणसं अठरा, त्यामुळे एका कम्प्युटरला तिघं. पण सर असं सांगत नसत. ते सांगत की ही पद्धत आहे. गटाने शिकायचं. परदेशातसुद्धा आता असंच शिकवतात, एकमेकांच्या मदतीनं शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं. तशी एक पुस्तिकाच त्यांना वरून आली होती. समुद्र त्यांनी इथेच पहिल्यांदा पाहिला असल्यामुळे हौसेने त्यांनी सहाही टेबलांना माशांची नावं दिली, पापलेट, सुरमई, हलवा, रावस, मोरी, बांगडा. बांगड्यावर बसायची वेळ नेमकी बँकेतून निवृत्त झालेल्या लिमये काकांवर आली. काका दोन दिवस उभेच राहिले. तिसऱ्या दिवशी बांगड्याचं कोकम झालं, मग ते बसले.

मालन सुरमईला बसली. तिच्या एका बाजूला फरीदा होडेकर, राजिवड्याची. फरीदाचा नवरा रशीद कुवेतला, आणि फरीदाचं तोंड सदैव चालू. ती स्वतः चार वर्षं कुवेतला राहून आली होती, तिथल्या दुकानांच्या पाट्या आणि डब्यांवरची नावं वाचून वाचून इंग्रजी वाचायला शिकली होती. दुसऱ्या बाजूला निशिगंधा, राजापूरची, कॉलेजसाठी मावशीकडे राहिलेली. ‘फुल टू’ आणि ‘कसलं भारी’ या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा.

पहिल्या संध्याकाळी फरीदाने मालनला सगळं विचारून घेतलं. गाव कुठचं, मुलं किती, नवरा काय करतो. नवरा वारला, मालन म्हणाली. बस लेट आली, या आवाजात. फरीदा गप्प झाली, म्हणजे दोन मिनिटं. मग तिने स्वतःचं सांगायला घेतलं. रशीद आता फोन कमी करतो आणि कम्प्युटरवरून पत्र पाठवतो. ती पत्रं तिला उघडता येत नाहीत, म्हणून तिचा पुतण्या अक्रम सायबर कॅफेत बसून वाचून दाखवतो. वाचतो म्हणजे काय, कॅफेभर ओरडतो. चाचाने लिवलंय तुझी आठवण येते. आणि कॅफेतली सगळी पोरं मान वळवून बघतात, कोणाची आठवण येते ती. उत्तर द्यायचं तर तेही अक्रमला सांगायचं, आणि तो मध्ये स्वतःच्या मनाचं घुसडून देतो, चाचा मला घड्याळ पाठवा. म्हणून ती शिकायला आली होती. निशिगंधा आली होती कारण घरी बसलं की मावशी भांडी घासायला लावते. मालनला विचारलं, तू कशाला? तिने सांगितलं, भाऊसाहेबांनी सांगितलं.

आता या तिघींचं काम कसं बसलं ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं.

मालन नोकरीआधी दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरायला जायची. फरीदाच्या घरची कलमं होती, तिच्या अंगणातही पेट्या भरल्या जायच्या. पेटी भरायला बसलं की एकीने आंबा निवडायचा, लहान मोठा वेगळा करायचा. दुसरीने पेंढा घालायचा. तिसरीने फळं लावायची, देठ वर, एकसारखी. चौथा झाकण ठोकणार. ज्याचा हात ज्याला बसला त्याने तेवढंच करायचं. एखादी नवीन बाई आली आणि सगळी पेटी स्वतःच भरायला बसली की बागायतदार लांबून ओरडणार, काय गो, सण आहे काय, पेटी सजवतेस ती. ही रीत दोघींच्या अंगात इतकी मुरलेली की ती रीत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्यामुळे कुणी काही ठरवलं नाही. फरीदा पडद्यावरचं वाचायला लागली, कारण तिला वाचता येत होतं आणि गप्प बसता येत नव्हतं. फायल, एडीट, व्हिव, असं ती मासळी बाजारात भाव पुकारावा तसं पुकारायची. निशिगंधाने माउस घेतला, कारण तिचा हात चपळ. मालनकडे कीबोर्ड आला. फरीदा वाचणार, निशिगंधा बाण नेऊन टिचकी मारणार, आणि जिथे अक्षरं घालायची वेळ येईल तिथे दोघी एकदम म्हणणार, मालन. की मालनची बोटं धावणार. न बघता, न थांबता.

काम भराभर व्हायला लागलं. लिमये काकांच्या कोकम टेबलावर तिघे बाप्ये एका माउससाठी अदबीने भांडत, आधी आपण, नाही आधी आपण, तोवर सुरमईवर पत्र लिहून, रंगवून, सेव्ह करून झालेलं असायचं. सरांनी भिंतीवर तक्ता लावला होता. ज्या टेबलाचं काम आधी आणि बिनचूक होईल त्याच्यापुढे चमकीचा तारा. दिवाळीच्या आकाशकंदिलावर लावतात तसला. सुरमईच्या ओळीत तारे मावेनात, सरांनी खाली कागद जोडला. बघा, ते बाकीच्यांना सांगायचे, याला म्हणतात गटाने शिकणं, ठीकाय? फरीदा मान ताठ करून बसायची. निशिगंधा कसलं भारी म्हणायची. मालन ताऱ्यांकडे बघायची. चमकत होते खरे.

मात्र ती एकही दिवस चुकली नाही. कचेरी सुटली की केरू म्हणायचा, वयनी, दमल्या असाल, आज राहू दे. मालन पायात चपला सरकवून निघालेली असायची. तिला जावंसं वाटत होतं असं नाही. जावंसं वाटणं, नकोसं वाटणं, हे तिच्याकडून कधीच निघून गेलं होतं. पण कीबोर्डवर बसायला दुसरं कुणी नव्हतं. ती गेली नाही तर दोघी अडणार. तेवढं तिला कळत होतं, आणि पाय उचलायला तेवढं पुरत होतं.

एकदा वीज गेली, मशीनखालचा डबा पीं पीं करायला लागला आणि सर धावाधाव करत होते. वीज आल्यावर फरीदाने हळूच मालनला म्हटलं, एक लिवून दे गो, रशीदला. मालनने बोटं ठेवली. फरीदा पुढे झुकली, तोंड उघडलं, मिटलं. तिचे कान लाल झाले. मग ती मागे सरून बसली.

"नको," ती म्हणाली. "ह्या मीच लिवीन. येईल तेव्हा."

मालनने बोटं उचलली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि बरंही वाटलं नाही.

सप्टेंबरात परीक्षा झाली. केंद्रावर प्रत्येकाला वेगळा कम्प्युटर, दोघांच्या मध्ये प्लायवुडची फळी. बोलायचं नाही, बघायचं नाही. पडद्यावर पहिलाच प्रश्न आला. स्वतःच्या नावाचं एक फोल्डर तयार करा. हे सुरमईवर इतक्या वेळा झालं होतं की मालनला त्याचा विचारही करायची गरज नव्हती. तिने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि फोल्डर यायची वाट बघत बसली.

ते नेहमी यायचं. पिवळं, लहानसं, खाली निळी पट्टी घेऊन. ते आलं की नाव टाइप करायचं. आज आलं नाही. मालन थांबली. शेजारून कुणाच्या तरी टिचक्या ऐकू येत होत्या. उजव्या हाताला माउस होता, तारेसकट, आणि तिला एकदम लक्षात आलं की या वस्तूला आपण कधी हातच लावलेला नाही. तिने हात लावला. बाण कोपऱ्यात जाऊन दिसेनासा झाला. तिने माउस उचलून हवेत धरला, इस्त्री धरतात तसा, आणि खाली कुठे टेकवावा ते कळेना म्हणून पुन्हा जागेवर ठेवला. मग ती बसून राहिली. घाबरली नाही. वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं जात होतं, तिने ते शून्यापर्यंत जाताना पाहिलं, आणि उठली.

जिन्यात तिघी भेटल्या. फरीदाचा चेहरा उतरलेला. तिला सगळे प्रश्न वाचता आले होते, प्रत्येकाचं काय करायचं तेही तोंडपाठ होतं, पण बाण काही केल्या तिच्या हाताला येईना, आणि आला तेव्हा अक्षरं सापडेनात. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर वेचत बसली आणि वेळ गेली. निशिगंधा काठावर पास झाली होती, तीही टाइप करताना रडकुंडीला येऊन. मालन म्हणाली, माझं फोल्डर आलंच नाही.

निशिगंधाला हसू फुटलं, आणि अर्ध्यावर थांबलं. "काकी," ती म्हणाली, "फोल्डर मी आणायचे."

तिघी पायरीवर उभ्या राहिल्या. वरून लिमये काका उतरत होते, पास झालेले, कोकमवाले तिघेही पास, भांडून भांडून. ते बाजूने गेले तेव्हा फरीदाने त्यांना वाट दिली आणि मग म्हणाली, "पेट्या भरल्या गो आपण. एकीला पण अख्खी भरता येत नाय."

दुसऱ्या दिवशी ओमकार सरांनी ते ऐकलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच खुंटीशिवाय वाक्य निघालं. मी तर तारे देत होतो, ते म्हणाले. फाइल पूर्ण दिसली की मी समजायचो तिघींना येतंय. 

कचेरीत भाऊसाहेबांनी फाटक उघडलं, पण त्यातून फारसं काही आलं नाही. म्हणजे काय की, एकच संधी आहे आता. घरी मालनने सासूला नापास झाल्याचं भात वाढता वाढता सांगितलं. जनीने ताट तसंच ठेवलं. मुलीने आपलं ताट धुऊन पालथं घातलं. पण दोन दिवसांनी शेजारची सावित्री कुंपणाशी येऊन मालनला म्हणाली की बाय, तुझी पोर माझ्याकडे आलेली, काजूच्या फॅक्टरीत दहावीच्या आधी घेतात काय विचारत होती. तुला माहीत हाय काय? मालनला माहीत नव्हतं. ती आत आली. मुलगी भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती, पान उलटत नव्हती. मालन तिच्याकडे बघत उभी राहिली. काहीतरी वाटायला हवं होतं, ती जागा तिला कळत होती, जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी. मुलीला ती एवढंच म्हणाली, "डिसेंबरात परत परीक्षा आहे. तोवर कुठे विचारू नको."

सरांनी सुरमई त्यांना तशीच ठेवली. नवीन तुकडी आली होती, तरी संध्याकाळी ते टेबल दोघींचं. आणि शनिवारी निशिगंधाही यायची. पास झालेली असूनही. मावशी आणि भांडी, ती म्हणाली, पण भांडी काही शनिवारीच निघत नव्हती.

नियम फरीदाने काढला. ज्याला येतं त्याने हात मांडीवर ठेवायचे. बोलायचं तेवढं बोला, हात नाही लावायचा. नियम तिनेच काढला आणि पहिला तिनेच मोडला. मालनचा बाण चुकला की फरीदाचा हात निघालाच. मालन शांतपणे सांगायची, मांडीवर. हात परत जायचा. निशिगंधा तर स्वतःच्या दोन्ही हातांवर बसायची, खरंच बसायची, मांड्यांखाली घालून, आणि नुसत्या तोंडाने माउस चालवायची. उजवीकडे, अजून, अजून, थांब, गेलीस पुढे, मागे ये. आता डबल. डबल म्हणजे पटापट गं काकी, दारावर टकटक केल्यासारखं, पाव्हण्यासारखं नाही, पोलिसासारखं.

काम कूर्मगतीने चाललं. जे पत्र पूर्वी चहा निवायच्या आत व्हायचं त्याला आता अख्खी संध्याकाळ लागायची आणि तरी ते अर्धं. तारे बंद झाले. नवीन तुकडीतल्या पोरी मागून जाताना बघायच्या की या दोन काकी अजून इथेच कशा. फरीदाला ते लागायचं. एकदा ती वैतागून म्हणाली, मना नाय जमायचा, अक्रम वाचतो तो बरा, निदान आवाज मोठा हाय. आणि पिशवी उचलून दारापर्यंत गेली. मालनने तिला थांब म्हटलं नाही. ती फक्त खुर्चीवरून म्हणाली की त नंतरचं अक्षर तुला दाखवायचं राहिलं आहे, आणि पडद्यावरचं इंग्रजी तुझ्याशिवाय मी वाचू कशी. फरीदा दारात उभी राहिली. पिशवी ठेवली. बसली. आणि त्या दिवशी तिने स्वतःचं नाव एका बोटाने, पण न अडखळता टाइप केलं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मालनच्या हातून फोल्डर आलं. उजवी टिचकी, यादी उघडली, बाण खाली खाली नेला, आणि ते पिवळं तिथे येऊन बसलं. मालन त्याच्याकडे बघत राहिली. नाव घाल की गो, फरीदा म्हणाली. मालनने घातलं नाही. तिने ते पुसलं आणि पुन्हा आणलं. मग पुन्हा पुसलं, पुन्हा आणलं. फरीदा हात मांडीवर ठेवून बघत होती, आणि या एकाच वेळी काही बोलली नाही.

डिसेंबरातल्या परीक्षेला केंद्र तेच, फळ्या त्याच. मालन पहिल्या तुकडीत, फरीदा दुसरीत. मालनने बसल्या बसल्या हात कीबोर्डवर ठेवले आणि मग उचलून एक माउसवर नेला. पहिला प्रश्न फोल्डरचा नव्हता. एक तक्ता होता, त्यात बेरजा, मग तो दुसऱ्या जागी ठेवायचा. मालनने वाचलं आणि तिला काही कळलं नाही. शब्द सगळे ओळखीचे, पण आत शिरेनात. पडदा आणि ती, मध्ये काही नाही. घड्याळ उलटं सुरू झालं होतं.

मग तिने तेच पुन्हा वाचलं. या वेळी ते बाजारात पुकारल्यासारखं ऐकू आलं. ‘फायल. एडीट. काय गो, समोर लिवलंय ता दिसत नाय तुला? एडीटमधे जा. कापी कर.’ तिने कापी केलं. बाण घसरला तशी दुसरी म्हणाली, ‘मागे ये काकी, गेलीस पुढे, थांब, आता डबल, पोलिसासारखं.’ तिने पोलिसासारखं केलं. उघडलं.

"बाई," पर्यवेक्षक तिच्यामागे येऊन उभे होते. "परीक्षेत बोलायचं नाही."

"मी बोलत नाही," मालन म्हणाली.

"तुमचा आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू येतोय. दोन दोन आवाजात बोलताय."

फळीपलीकडचा मुलगा मान काढून बघायला लागला. मालनने ओठ मिटले. ओठ मिटल्यावर आवाज जातील असं तिला वाटलं. ते गेले नाहीत. एक वाचत राहिली, एक उजवी-डावी सांगत राहिली, आणि लिहायची वेळ आली की दोघी एकदम तिचं नाव घ्यायच्या. तशी तिची बोटं धावायची. शेवटचा प्रश्न संपला तेव्हा घड्याळात थोडा वेळ बाकी होता. पडद्यावर इंग्रजीत निकाल आला. तो तिने एकटीने वाचला. पास. काठावर नाही, चांगल्यापैकी वर.

पर्यवेक्षकांनी तिच्या नावापुढे खूण केली आणि म्हणाले, झालं तुमचं, या आता. मालन बसून राहिली. आता काहीतरी येईल म्हणून तिने वाट बघितली, आनंद, रडू, जे काय येतं ते. मुलगी भूगोलाचं पान उलटेल, भाऊसाहेब फाटक उघडून अभिनंदन करतील, हे सगळं तिला समोर दिसलं. नोकरी राहिली. एवढं मोठं काही झालं होतं आणि आत सगळं शांत होतं. पुढच्या तुकडीतली माणसं दारात उभी राहिली म्हणून ती उठली.

दारात फरीदा होती, बुरख्याच्या टोकाने तळहात पुसत. तिने डोळ्यांनीच विचारलं. मालनने मान हलवली. फरीदा तोंड उघडणार तेवढ्यात पर्यवेक्षक म्हणाले, बोलायचं नाही, आत चला. दार बंद झालं.

पालीकडे जाणारी दुपारची एसटी पकडायला आता निघायला हवं होतं. ती चुकली की पुढची पार संध्याकाळी. मालन जिना उतरून खाली आली, रस्त्यापर्यंत गेली आणि परत फिरली. व्हरांड्यात बाक होतं. त्यावर बसली. लांब वळणावर एसटीचा हॉर्न वाजला, वाजून गेला.

केंद्राचा शिपाई झाडू घेऊन बाकापर्यंत आला. त्याने तिच्याकडे बघितलं. बाई, तुमचं झालं ना, मग कशाला बसलाय, तो म्हणाला, पाय वर घ्या.

मालनने पाय वर घेतले.

"आमच्यातली एक आत आहे," ती म्हणाली.